पीएसएटी : कॉलेजच्या तयारीचे माप कितपत भरवशाचे?

अमेरिकेतील हायस्कूलमध्ये मुले शिकत असलेल्या मराठी घरांमध्ये ऑक्टोबर महिना दिवाळीच्या खरेदीइतकाच पीएसएटीच्या चर्चेनेही गाजतो. दहावी-अकरावीच्या मुलांना शाळेतच सव्वादोन तास लॅपटॉपसमोर बसवून घेतली जाणारी ही परीक्षा बहुतेक पालकांच्या लेखी एसएटीची, म्हणजे अमेरिकेतील कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेची, रंगीत तालीम असते, तर काहींच्या लेखी नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीची पहिली पायरी. परीक्षा घेणारी कॉलेज बोर्ड ही संस्था मात्र याखेरीज आणखी एक दावा करते, तो असा की मूल कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासाला कितपत तयार आहे याचा अंदाज या गुणांवरून बांधता येतो. न्यू जर्सीतील आमच्या मराठी शाळेत वर्ग सुटल्यावर मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना ही गुणपत्रके समजावून देण्याचे काम माझ्याकडे आपसूक आले आहे, त्यामुळे या परीक्षणात मी मुख्यतः या दाव्याचाच विचार करणार आहे. माझे मत आधीच सांगते : पीएसएटी उपयोगी आहे, सराव जवळजवळ फुकट आहे, आणि तरीही तिच्या गुणपत्रकावरील ‘तयार’ या शिक्क्यावर विसंबून मुलाच्या पुढच्या चार वर्षांचा आराखडा आखणे धोक्याचे आहे.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. एसएटी १९२६ पासून आणि पीएसएटी १९५९ पासून घेतली जाते. आज तिचे तीन प्रकार आहेत : आठवी-नववीसाठी पीएसएटी ८/९, दहावीच्या मुलांसाठी वसंत ऋतूत घेतली जाणारी पीएसएटी १०, आणि शरद ऋतूतील पीएसएटी/एनएमएसक्यूटी, जी नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीची पात्रता परीक्षाही आहे आणि जिची चर्चा सर्वांत जास्त होते. २०२३ च्या शरद ऋतूपासून कागद-पेन्सिल गेली आणि सगळी परीक्षा ब्लूबुक नावाच्या अॅपमध्ये आली. वाचन-लेखनाचे ५४ प्रश्न ६४ मिनिटांत आणि गणिताचे ४४ प्रश्न ७० मिनिटांत सोडवायचे असतात. दोन्ही विषयांचे दोन-दोन भाग असून पहिल्या भागातील कामगिरीवरून दुसरा भाग सोपा किंवा कठीण येतो. त्यामुळे दोन मुलांची सारखीच उत्तरे बरोबर आली तरी त्यांचे गुण सारखे असतीलच असे नाही, आणि ‘माझी फक्त सहाच चुकली, मग गुण इतके कमी कसे?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा इथेच सापडते.

पीएसएटी आणि एसएटी एकाच मोजपट्टीवर बसवलेल्या आहेत, ही या व्यवस्थेची मला सर्वांत आवडलेली बाब आहे. पीएसएटीत गणितात ५५० मिळवणारे मूल त्याच दिवशी एसएटीला बसले असते तर तिथेही साधारण ५५० च मिळाले असते, असा या मोजपट्टीचा अर्थ आहे. पीएसएटीची कमाल मर्यादा मात्र प्रत्येक विषयात ७६०, म्हणजे एकूण १५२० आहे, कारण एसएटीतील सर्वांत अवघड टोक तिच्यात मोजलेच जात नाही. एकच पट्टी असल्यामुळे नववी ते बारावीपर्यंतची प्रगती एका ओळीत मांडता येते. शाळेतल्या ग्रेडच्या बाबतीत हे शक्य होत नाही, कारण तिथे दरवर्षी शिक्षक बदलतात, पुस्तक बदलते आणि पेपर तपासणाऱ्याचा हातही बदलतो.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे बेंचमार्क. कॉलेज बोर्डाने प्रत्येक इयत्तेसाठी तयारीची एक रेषा आखली आहे. दहावीसाठी ती वाचन-लेखनात ४३० आणि गणितात ४८० आहे, अकरावीसाठी ४६० आणि ५१०, तर प्रत्यक्ष एसएटीसाठी ४८० आणि ५३०. या रेषेची व्याख्या लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे, कारण आमच्याकडे येणाऱ्या पालकांपैकी ती वाचलेले फार थोडे असतात. एसएटीच्या रेषेवर असलेल्या विद्यार्थ्याला कॉलेजच्या पहिल्या सत्रातील संबंधित विषयात किमान ‘सी’ ग्रेड मिळण्याची शक्यता ७५ टक्के आहे, एवढाच तिचा अर्थ आहे, आणि खालच्या इयत्तांच्या रेषा त्या वाटेवरचे टप्पे आहेत. संबंधित विषय म्हणजे गणिताच्या बाबतीत बीजगणित, संख्याशास्त्र, प्रीकॅल्क्युलस किंवा कॅल्क्युलस, आणि वाचन-लेखनाच्या बाबतीत इतिहास, साहित्य, समाजशास्त्रे किंवा निबंधलेखनाचा वर्ग.

याचा सरळ अर्थ असा की रेषेवर नेमक्या उभ्या असलेल्या चार मुलांपैकी तिघे निदान ‘सी’पर्यंत पोहोचतात आणि चौथे पोहोचत नाही. इंजिनिअरिंग किंवा मेडिकलच्या वाटेवर निघालेल्या मुलासाठी कॅल्क्युलसमधला ‘सी’ ही तयारीची खूण मानता येत नाही. तिथून पुढचे भौतिकशास्त्र आणि पुढचे गणित त्याच पायावर उभे राहते, आणि अनेक विद्यापीठांत इंजिनिअरिंगच्या आवडत्या शाखेत शिरण्यासाठी पहिल्या वर्षाचे ग्रेड पाहिले जातात. उलट, समाजशास्त्राकडे वळणाऱ्या मुलीला गणितात ५०० मिळाले म्हणून ‘तू कॉलेजला तयार नाहीस’ असे सांगणे तितकेच चूक आहे. एकच रेषा सगळ्यांसाठी आखली की ती कोणाच्याच मापाची राहत नाही, आणि ही या सेवेची मूळ मर्यादा आहे असे मला वाटते.

तरीही ही रेषा निरुपयोगी नाही. आपल्या समाजात पंधराशेच्या खालचा आकडा सांगताना मुले आवाज खाली आणतात, तेव्हा देशभरातले वास्तव समोर ठेवायला तिचा उपयोग होतो. २०२४ मध्ये हायस्कूल पूर्ण केलेल्या आणि एसएटी दिलेल्या विद्यार्थ्यांची सरासरी १०२४ होती आणि दोन्ही विषयांत रेषा ओलांडणारे सुमारे ३९ टक्के होते. शिवाय या रेषांमधील अंतरही बोलके आहे. गणितात दहावीला ४८०, अकरावीला ५१० आणि शेवटी ५३०, म्हणजे वर्षभराच्या शाळेतल्या शिक्षणाने गुणांत वीस-तीसची वाढ व्हावी, असे खुद्द परीक्षा घेणाऱ्यांनीच गृहीत धरले आहे. उन्हाळ्याच्या सुटीत दोनशे गुण वाढवून देण्याची जाहिरात वाचताना हा हिशोब मनात असलेला बरा.

प्रश्नांकडे जरा जवळून पाहू. वाचनाचे उतारे २५ ते १५० शब्दांचे असतात आणि प्रत्येक उताऱ्यावर एकच प्रश्न असतो. एका उताऱ्यात एखाद्या संशोधिकेचा निष्कर्ष आणि खाली छोटा तक्ता असतो, आणि तक्त्यातील कोणती नोंद त्या निष्कर्षाला बळ देते हे ओळखायचे असते. दुसऱ्यात दोन वाक्यांमधली रिकामी जागा ‘तथापि’ने भरायची की ‘परिणामी’ने, हे ठरवायचे असते. प्रश्न नीट बेतलेले आहेत. पाठांतराने ते सुटत नाहीत, आणि घाईने वाचणारे मूल त्यात लगेच उघडे पडते. परंतु कॉलेजमध्ये इतिहासाचा प्राध्यापक एका आठवड्यात पुस्तकाची अनेक प्रकरणे वाचून यायला सांगतो आणि मग त्यावर पाच पानांचा निबंध मागतो. सव्वाशे शब्दांवर एक प्रश्न सोडवता येणे आणि चाळीस पानांतून लेखकाचा युक्तिवाद धरून ठेवता येणे या वेगळ्या क्षमता आहेत. लेखनाचे तर मोजमापच होत नाही, कारण पीएसएटीत निबंध नाही, आणि एसएटीतील ऐच्छिक निबंधही २०२१ मध्ये बहुतेक ठिकाणी बंद झाला. गुणपत्रकावर ‘वाचन-लेखन’ असे छापलेले असले तरी मुलाने स्वतःच्या मनाने एकही वाक्य लिहिलेले नसते.

गणिताच्या विभागात डेस्मॉस हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर अॅपमध्येच दिलेला आहे आणि तो सगळ्या प्रश्नांना वापरता येतो. समजा, २क्ष² − ५क्ष − ३ = ० हे समीकरण आले. अवयव पाडून सोडवणारे मूल (२क्ष + १)(क्ष − ३) असे लिहील आणि क्ष = −०.५ व क्ष = ३ ही उत्तरे काढेल. डेस्मॉस सरावाचे असलेले मूल समीकरणाची डावी बाजू जशीच्या तशी टाइप करेल, पडद्यावर वक्र उमटेल, तो आडव्या अक्षाला जिथे छेदतो तिथे बोट ठेवले की तीच दोन उत्तरे दिसतील, आणि हे सगळे दहा सेकंदांत होईल. दोघांचे गुण सारखेच. साधन कौशल्याने वापरता येणे हाही गुणच आहे, त्याला माझी हरकत नाही. पण बऱ्याच विद्यापीठांत कॅल्क्युलसच्या परीक्षेला कॅल्क्युलेटर चालत नाही, आणि तिथे बीजगणिताचा हात कच्चा असलेले मूल पहिल्याच चाचणीत अडते. माझ्या मते आजच्या पीएसएटीचा सर्वांत मोठा आंधळा कोपरा हाच आहे. घरच्या घरी यावर उपाय सोपा आहे : सरावाच्या पेपरमधील गणिताचा भाग नंतर कॅल्क्युलेटर मिटवून पुन्हा सोडवायला लावावा आणि दोन निकालांतील तफावत पाहावी. मला तर गुणांपेक्षा ही तफावत अधिक सांगून जाते.

गुणपत्रकात एकूण गुणांखाली आठ छोट्या पट्ट्या असतात, चार वाचन-लेखनाच्या आणि चार गणिताच्या. बहुतेक घरांत वरचा मोठा आकडा पाहून कागद बाजूला ठेवला जातो, आणि खरा मजकूर नेमका या पट्ट्यांमध्ये असतो. समजा, दोन मुलांना अकरावीत प्रत्येकी ११०० मिळाले आहेत. पहिल्याच्या गणिताच्या चारही पट्ट्या सारख्या भरलेल्या आहेत. दुसऱ्याची भूमितीची आणि माहिती-विश्लेषणाची पट्टी जवळजवळ पूर्ण आहे, पण बीजगणिताची अर्धीही नाही. पहिल्याला सर्वसाधारण सराव पुरेल. दुसऱ्याला मात्र आधी रेषीय समीकरणे आणि फलने पुन्हा शिकावी लागतील, अन्यथा बारावीचा कॅल्क्युलस त्याच्या डोक्यावरून जाईल. एका आकड्यात हे दोघे सारखेच ‘तयार’ दिसतात. गुणांच्या शेजारी एक पल्लाही छापलेला असतो, कारण तेच मूल दुसऱ्या दिवशी बसले तर गुण थोडे इकडेतिकडे होतील. त्यामुळे मावसभावाला दहा गुण जास्त मिळाले म्हणून घरात सुतक पाळण्याचे कारण नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. कागदी परीक्षेच्या काळात पीएसएटीनंतर आपले चुकलेले प्रश्न मुलांना पुन्हा पाहता येत असत. डिजिटल परीक्षेत प्रत्यक्ष प्रश्न परत दाखवले जात नाहीत. ‘बीजगणित कच्चे आहे’ एवढे कळते, पण चिन्हाची चूक झाली, प्रश्न उलटा वाचला की विषयच येत नव्हता, हे कळण्याचा मार्ग उरत नाही. एखादी परीक्षा तयारी जोखण्यासाठी आहे असे म्हणायचे आणि चूक कुठे झाली ते दाखवायचे नाही, हे मला पटत नाही.

ही उणीव भरून काढतात ते ब्लूबुकमधलेच पूर्ण लांबीचे सराव पेपर, आणि या सगळ्या व्यवस्थेत मी मनापासून शिफारस करेन ती त्यांचीच. ते विनामूल्य आहेत, खऱ्या परीक्षेप्रमाणेच दुसरा भाग सोपा किंवा कठीण करून देतात, निकाल लगेच दाखवतात आणि प्रत्येक प्रश्न स्पष्टीकरणासह पुन्हा उघडता येतो. एका शनिवारी सकाळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, मधली दहा मिनिटांची सुटी धरून, सलग पेपर सोडवावा, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक चुकीपुढे तिचे कारण मुलाने स्वतःच्या हाताने लिहावे. त्यानंतरचा सराव खान अकॅडमी या मोफत ऑनलाइन शिकवणीच्या संकेतस्थळावर करता येतो. कॉलेज बोर्डाशी सहकार्य करून २०१५ पासून त्यांनी एसएटीच्या तयारीचे साहित्य मोफत ठेवले आहे. व्हिडिओ पाहण्यापेक्षा त्यातले प्रश्न सोडवण्याचा फायदा जास्त होतो, हे मुलांना वारंवार सांगावे लागते.

या मोफत साधनांसमोर बाजारातल्या ‘रेडीनेस टेस्ट’ फिक्या वाटतात. आमच्या भागातल्या एका खासगी क्लासने गेल्या वर्षी मराठी शाळेतल्या मुलांसाठी ‘मोफत चाचणी’ ठेवली होती. तिचा पेपर खऱ्या परीक्षेपेक्षा उघडच कठीण होता. निकालात बहुतेकांचे गुण ब्लूबुकच्या सरावापेक्षा शंभराहून अधिक कमी आले, आणि निकालाच्या पाकिटातच काही हजार डॉलरच्या पॅकेजचे पत्रक होते. मुलांना आधी घाबरवायचे आणि मग त्या घबराटीवर औषध विकायचे, हा धंदा जुना आहे. तेव्हा मोजणारा आणि शिकवणी विकणारा एकच असेल तर त्या मोजमापाकडे साशंक नजरेनेच पाहावे.

परीक्षेपलीकडचे काय, हा प्रश्न राहतोच. शिकागोच्या सार्वजनिक शाळांतून कॉलेजला गेलेल्या विद्यार्थ्यांचा जो अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात कॉलेज पूर्ण होण्याचा अंदाज प्रवेशपरीक्षेच्या गुणांपेक्षा हायस्कूलच्या जीपीएवरून, म्हणजे ग्रेडच्या सरासरीवरून, कितीतरी चांगला बांधता येतो, असे आढळले. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये केलेल्या एबी ७०५ या कायद्याने कम्युनिटी कॉलेजांना विद्यार्थ्यांचा इंग्रजी-गणिताचा वर्ग ठरवताना पात्रता चाचणीऐवजी हायस्कूलच्या ग्रेडवर भर द्यायला लावला. कारण समजण्यासारखे आहे. जीपीएमध्ये चार वर्षांचे होमवर्क, वेळेवर दिलेले प्रकल्प, नावडत्या शिक्षकाच्या तासालाही लक्ष देणे आणि एखादी चाचणी बिघडल्यावर पुन्हा उभे राहणे, हे सगळे मुरलेले असते. पीएसएटीत त्यातले काहीही उतरत नाही. दुसऱ्या बाजूने, एमआयटीने २०२२ मध्ये आणि डार्टमथने २०२४ मध्ये प्रवेशासाठी चाचणीचे गुण पुन्हा बंधनकारक केले, तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कॅम्पसवर प्रवेशाच्या वेळी ते पाहिलेच जात नाहीत. म्हणजे या गुणांना किती वजन द्यावे यावर खुद्द विद्यापीठांचेही एकमत नाही. माझ्या मते दोन्ही एकत्र वाचावेत : जीपीए उंच आणि पीएसएटी रेषेखाली असेल तर शाळेत ग्रेड सढळ हाताने मिळतात का ते पाहावे, पीएसएटी उंच आणि जीपीए घसरलेला असेल तर मूल हुशार आहे या समाधानात न राहता त्याची झोप, वेळेचे नियोजन आणि अर्धवट सोडलेली कामे यांकडे वळावे. या दुसऱ्या प्रकारची मुले आपल्याकडे कमी नाहीत, आणि घरापासून दूर गेल्यावर पहिल्या सत्रात अडखळतात ती बहुधा हीच.

नॅशनल मेरिटबद्दल थोडक्यात. ती अकरावीतील ऑक्टोबरच्या परीक्षेवर ठरते आणि तिचा निर्देशांक काढताना वाचन-लेखनाचे गुण दुप्पट करून त्यात गणिताचे मिळवतात आणि बेरजेला दहाने भागतात. त्यामुळे गणितात ७५० आणि वाचनात ७२० असलेल्या मुलाचा निर्देशांक २१९ येतो, तर हेच आकडे उलटे असतील तर २२२. एकूण गुण दोघांचेही १४७०. पात्रतेची रेषा राज्यागणिक बदलते आणि न्यू जर्सीची सर्वांत उंच रेषांपैकी एक असते, त्यामुळे तिथे हे तीन गुण निर्णायक ठरू शकतात. गणितावर भिस्त ठेवणाऱ्या आपल्या मुलांनी हे गणितही ध्यानात घ्यावे. शिष्यवृत्तीसाठी नागरिकत्व, किंवा कायम वास्तव्याचा दर्जा वा त्यासाठीचा अर्ज आणि पुढे नागरिक होण्याचा इरादा, ही अट आता अमेरिकेबाहेरच्या शाळांत शिकणाऱ्यांनाच आहे, अमेरिकेतील हायस्कूलमध्ये शिकणाऱ्यांना नाही. तरीही एच-४ व्हिसावर (नोकरीसाठी आलेल्यांच्या जोडीदार-मुलांचा व्हिसा) असलेल्या कुटुंबांनी आपली स्थिती शाळेच्या काउन्सेलरशी आधीच बोलून घ्यावी. निकालासोबत कोणते एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे, विषय झेपतील याचाही अंदाज मिळतो. अकरावी-बारावीचे विषय निवडताना तो कामाचा आहे, मात्र शिक्षकांचे मत डावलून तो प्रमाण मानू नये.

शेवटी माहितीच्या गोपनीयतेचा विषय. परीक्षेच्या वेळी मुलांना फोन क्रमांक देण्याचा आणि कॉलेजांकडून संपर्क स्वीकारण्याचा पर्याय दाखवला जातो. तो ऐच्छिक आहे, पण सोळा वर्षांचे मूल परीक्षेच्या गडबडीत ‘पुढे’ हे बटण दाबत जाते. शाळेत घेतलेल्या परीक्षांमधून मिळालेली विद्यार्थ्यांची माहिती वापरल्याच्या प्रकरणात न्यू यॉर्क राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये कॉलेज बोर्डाशी समझोता केला आणि संस्थेला साडेसात लाख डॉलर भरावे लागले, हे माहीत असलेले बरे. संपर्क हवा की नको, हे परीक्षेच्या आदल्या रात्री घरात बसून ठरवावे.

पुण्या-मुंबईतून अमेरिकेत पदवीसाठी जाण्याचा विचार करणाऱ्यांनाही यातला निम्मा भाग लागू पडतो. पीएसएटी स्वतःहून नाव नोंदवून देता येत नाही, ती आपल्याकडे घेणारी शाळा असावी लागते आणि भारतात अशा शाळा मोजक्याच आहेत. ब्लूबुकचे सराव पेपर मात्र कॉलेज बोर्डावर खाते उघडणाऱ्या कोणालाही सोडवता येतात. दहावीची परीक्षा संपल्यावरच्या मोठ्या सुटीत त्यातला एक पेपर सोडवून पाहावा. गणित मराठी किंवा अर्ध-इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या मुलांना बीजगणित जड जाणार नाही. कस लागेल तो इंग्रजी उताऱ्यातला युक्तिवाद मिनिटाभरात पकडण्याचा, आणि त्यासाठी अकरावी-बारावीची दोन वर्षे हाताशी असतात.